सगळा आकडा

माझा मावसभाऊ चाकणला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. चहाची टपरी असो नाहीतर कुणाचं लग्न, पैसे द्यायची वेळ आली की याचा मोबाईल सगळ्यांच्या आधी क्यूआर कोडसमोर, दुसऱ्या कुणी पाकिटाला हात घातला तर चिडायचा, "ताई तू थांब गं, मी आहे ना." दोन दिवाळ्यांमागे एका रविवारी तो भोसरीला आमच्याकडं आला होता आणि संध्याकाळी मी, माझे मिस्टर आणि तो असे चहा प्यायला खाली उतरलो. तीन चहा, एक क्रीमरोल. चहा संपला आणि हा रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला, सॅकचा पट्टा उगाच वरखाली करत. मिस्टरांनी पैसे दिले, विषय संपला, कुणी काही बोललं नाही. पण मला ती पाठ काही केल्या डोक्यातून जाईना. रात्री ओटा पुसताना, दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये बिलं फाईलला लावताना, परत परत तेच. आणि मग हेही आठवलं की तेवढ्या वेळात त्याचा फोन सारखा वाजत होता आणि तो दर वेळी स्क्रीनकडं न बघताच कट करत होता.

फोन करून विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं ताई, महिनाअखेर आहे." तारीख ११ होती. त्याचा पगार ७ तारखेला होतो.

मग मी काही विचारलं नाही, फक्त म्हणलं की फर्स्ट शिफ्ट सुटली की इकडंच जेवायला ये. आला. अंगाला कंपनीतल्या कूलंटचा तो गोडसर-कडवट वास, डोळे तारवटलेले, आणि भूक एवढी की तिसऱ्यांदा भात घेतला. ताटं उचलल्यावर मी त्याच्यासमोर पॅड आणि पेन ठेवलं. मी एका वर्कशॉपची अकाउंट्स बघते, त्यामुळं कागदावर उतरलेल्या आकड्याला मी घाबरत नाही, जो आकडा अजून कागदावर आलाच नाही त्याला घाबरते. तो आधी हसला, मग पेन हातात घेऊन नुसता बसला. "पहिल्या कार्डाचे साठ-पासष्ट असतील," म्हणाला. म्हणलं, असतील नको, अ‍ॅप उघड. ७२ हजार. दुसरं कार्ड ३८ हजार. मोबाईलवरच्या अ‍ॅपवरनं घेतलेल्या कर्जाचे ६० राहिलेले. नवीन फोनचे हप्ते, ते २० हजार. रूमवरच्या मित्राकडून घेतलेले १५. प्रत्येक वेळी तोंडातून आधी कमी आकडा निघायचा आणि स्क्रीनवर जास्त दिसायचा, आणि दर वेळी त्याच्या मानेवरची शीर ताणली जायची ते मला दिसत होतं. बेरीज मीच केली, पॅड त्याच्याकडं फिरवलं आणि म्हणलं, वाच, मोठ्यानं वाच. मिस्टर आतल्या खोलीत बातम्या बघत होते, त्यांनी आवाज बारीक केला. "दोन लाख पाच हजार," तो म्हणाला. एवढे दिवस हे सगळं डोक्यावर घेऊन फिरत होता पण ही बेरीज त्यानं एकदाही केली नव्हती.

पगार हातात २६,५००.

आता इथं लोक लगेच म्हणतात, आजकालची पोरं उधळी. हे वाक्य मी आमच्या नातेवाईकांत इतक्यांदा ऐकलंय आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण मी त्या रात्री त्याची स्टेटमेंटं ओळ न ओळ वाचली. बूट होते, हो, एक महागडं जॅकेट होतं, मित्राच्या लग्नाआधीची गोव्याची ट्रिप होती, ऑनलाईन सेलमध्ये घेतलेलं स्मार्टवॉच होतं. पण त्याच यादीत आईला दिवाळीला पाठवलेला मिक्सर होता, बहिणीच्या डोहाळजेवणाची साडी होती, गावच्या जत्रेत मंडळाला दिलेली वर्गणी होती, आणि ढिगानं छोट्या छोट्या ओळी, १८०, २४०, ३१०, म्हणजे शिफ्ट सुटल्यावर आंबेठाण चौकातल्या हॉटेलात चार पोरांचं बिल यानं दिलेलं. गावाकडनं आलेला पोरगा, ज्याच्या वडलांनी आयुष्यभर दुकानात "लिहून ठेवा" म्हणलं, त्याला चार जणांत बिल देताना काय वाटत असेल हे मला कळतं. ती काही चैन नव्हती. आपण आता कुणीतरी आहोत हे त्याला त्या वेळी वाटायचं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं, फक्त त्याचे पैसे दुसऱ्या कुणाचे तरी होते.

कार्ड मिळालं कसं तेही ऐकण्यासारखं आहे. कंपनीच्या गेटबाहेर, बसेस लागतात तिथंच, रंगीत छत्री लावून दोन मुलं उभी असायची, त्यांचीही वयं याच्याएवढीच, गळ्यात टाय, घामानं कॉलर ओली. लाईफटाईम फ्री, पगाराची स्लिप दाखवा, सोबत एक ट्रॉली बॅग. ट्रेनीचा परमनंट झाल्याचं लेटर आलं त्याच महिन्यात यानं सही केली. पुढं दुसरं कार्ड तर फोनवरच मंजूर झालं, "सर तुमची लिमिट प्री-अप्रूव्ड आहे." चाकणमध्ये त्याला सर म्हणणारं तोवर कुणी नव्हतं.

आणि मग ते मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त चीड कशाची असेल तर या दोन शब्दांची. त्याला वाटायचं की मिनिमम भरलं म्हणजे आपण भरतोय, वेळेवर भरतोय, म्हणजे आपण बरोबर आहोत. ७२ हजारावर पाच टक्के धरले तर मिनिमम ३,६०० रुपये. व्याज महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे २,५९२, त्या व्याजावर परत १८ टक्के जीएसटी, म्हणजे अजून ४६७. झाले ३,०५९. म्हणजे त्यानं डबे मोजून, पेट्रोल वाचवून भरलेल्या ३,६०० मधून कर्ज कमी झालं ५४१ रुपयांनी. वर पूर्ण बिल भरलेलं नसल्यामुळं तो बिनव्याजी पन्नासेक दिवसांचा काळही गेलेला, त्यामुळं कार्डावर नवीन भाजी घेतली तरी तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. मी हे त्याला पॅडवर मांडून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ ५४१ या आकड्याकडं बघत राहिला. "म्हणजे मी वर्षभर काय भरत होतो?" असं विचारलं त्यानं, अगदी लहान आवाजात. नुसतं मिनिमम भरत राहिलात तर फेडायला महिनोन्महिने, वर्षंही लागतील असा इशारा बिलावर असतो, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं तो छापावाच लागतो. पण तो इंग्रजीत, पीडीएफच्या आत, पासवर्डच्या मागं. मोबाईलवर त्याला दिसायचं ते फक्त एक हिरवं बटण, पे मिनिमम. वर्षाला ४३ टक्के व्याज. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं म्हणलं होतं की ३० टक्क्यांच्या वर घेणं ही अनुचित प्रथा आहे, तो निकाल सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. कायद्याची बाजू त्यांची बरोबर असेल, मला त्यातलं तेवढं कळत नाही, पण त्या पोराचं ५४१ बघितल्यावर मला ते पटत नाही ते नाहीच.

फोनचं वेगळंच. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, २०२२ मध्ये त्यांनी परत बजावून सांगितलं, चांगलाच नियम आहे. पण थर्ड शिफ्टचा माणूस झोपतो कधी? सकाळी ८ ते दुपारी ४. म्हणजे नियमातल्या वेळेत नियमानं फोन येणार आणि याची झोप नियमानं मोडणार, आणि रात्री हा व्हर्नियर हातात धरून पेंगणार. त्यात एकानं धमकी दिली होती की तुझ्या कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना फोन जातील. अ‍ॅपनं फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट बघायचीच नाही असं त्याच वर्षीच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत स्पष्ट आहे, पण हे त्याला कोण सांगणार? तो ते खरं धरून चालला होता. थोरल्या मामांना फोन गेला तर काय, या एका भीतीपोटी त्यानं मित्राकडून १५ हजार घेतले होते आणि त्या मित्रासमोर खोलीत जेवायला बसायची त्याला लाज वाटायला लागली होती. व्याजाच्या दराएवढंच हेही मला मोठं वाटतं, की माणूस स्वतःच्याच खोलीत उशिरा जायला लागतो.

एक "सेटलमेंट"ची ऑफर पण आली होती, ७२ चे ४५ हजार द्या आणि मोकळे व्हा. तो तर नाचायलाच लागला होता. मीच अडवलं, कारण तसं केलं की सिबिलच्या, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, रिपोर्टमध्ये ते खातं क्लोज्ड न दिसता सेटल्ड दिसतं, आणि पुढं घरासाठी कर्ज मागायला गेलं की तो शब्द बघून समोरचा फाईल बाजूला ठेवतो. ज्याची नोकरीच गेली आहे, ज्याला दुसरा रस्ताच नाही, त्यानं ते करावं, त्यात काही कमीपणा नाही. पण याचा पगार चालू होता.

रस्ता होता, पण तो कराडमार्गे जात होता. मावशीच्या पाटल्या. हे नाव काढल्यावर तो उठून बाल्कनीत गेला. "आईला नाही सांगायचं, काही झालं तरी." मी त्याला परत आकडेच दाखवले. दोन्ही कार्डं मिळून १,१०,०००. त्याचं महिन्याचं व्याज जीएसटीसकट ४,६७३. तेवढेच पैसे सोनं तारण ठेवून दहा टक्क्यांच्या आसपास मिळाले तर महिन्याचं व्याज ९१७. हिशोबाला उत्तर नव्हतं त्याच्याकडं, पण हिशोब हा त्याचा प्रश्नच नव्हता. आईच्या हातातलं काढायचं, तेही जॅकेट आणि गोव्यापायी, हे त्याला सहन होत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही आतून नको वाटत होतं. माझ्या आईनं आणि मावशीनं त्या पाटल्यांच्या जोड्या एकाच सोनाराकडं केल्या होत्या. मी लहानपणी त्या हातांनी भाकरी थापताना होणारा आवाज ऐकलाय.

शेवटी मावशीकडं जायला स्वारगेटवरनं एसटीत बसलो तेव्हा तो खिडकीशी बसला आणि खंबाटकी घाट उतरेपर्यंत बोलला नाही. घरी गेल्यावर पण चहा झाला, शेजारचे येऊन गेले, म्हैस व्याली का नाही त्याची चर्चा झाली, हा गप्पच. शेवटी मावशी शेंगा फोडत बसली होती तिथं जाऊन बसला आणि सगळं सांगितलं, बेरजेसकट. मी श्वास रोखून बसले होते. मला वाटलं रडारड होणार. मावशीनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि विचारलं,

"किती टक्क्यानं घेतलंस?"

तो गोंधळला. ती म्हणाली, "महिन्याला किती पडतंय रं शेकड्याला?" यानं ३.६ सांगितल्यावर ती एकदम ताठ बसली. "आमच्या गटात दोन हाय. दोननं घेतलं तरी बाया चर्चा करत्यात. तू साडेतीनच्या वर घेतलंस आणि कुणाला इचारलं न्हाईस?" जॅकेट, गोवा, स्मार्टवॉच, यातल्या कशावरही तिनं एक शब्द काढला नाही. तिचा आक्षेप एवढाच होता की विचारलं नाहीस.

मावशी वीसेक वर्षं बचत गटात आहे. तिच्या गटाची बैठक मी एकदा बघितली होती, देवळाच्या मंडपात, चटईवर, मधोमध पत्र्याची पेटी आणि लाल कापडाच्या बांधणीचं रजिस्टर. प्रत्येक बाईचं नाव घ्यायचं, बचत किती, कर्ज किती, हप्ता आला का, राहिला का, सगळं मोठ्यानं. हप्ता राहिला तर ती बाई सगळ्यांसमोर सांगते की ह्या महिन्याला शेळी आजारी होती, पुढच्याला देते, आणि बाकीच्या ऐकून घेतात, कुणी तोंड वाकडं करतं, कुणी म्हणतं माझे शंभर धर तिच्या नावावर. बचत गटाची पंचसूत्री म्हणतात ती हीच, नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, हिशोब लिहिलेला. नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या सरकारी बँकेनं हे गट बँकांना जोडायला १९९२ मध्ये सुरुवात केली. त्या मंडपात बसलेल्या बायकांपैकी निम्म्यांवर कर्ज होतं आणि एकीनंही पदर पुढं ओढला नव्हता. आणि मावशीचाच मुलगा, डिप्लोमा झालेला, मायक्रॉनमध्ये मापं काढणारा, खोलीच्या जिन्यात अंधारात बसून फोन कट करत होता. हे मला त्या दिवशी शेंगांच्या टरफलांत बसून एकदम कळलं, आणि तेव्हापासून मी ज्याला त्याला हेच सांगतेय, की त्याला पैशानं जेवढं बुडवलं तेवढंच कुणाला न सांगण्यानं बुडवलं. आणि आपण जे "उधळी, उधळी" करतो ना, त्यानं पोरं खर्च कमी करत नाहीत, सांगणं बंद करतात.

कर्ज पूर्वी काही गोड होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावचे शेतकरी जमले आणि सावकारांकडचे कर्जरोखे काढून जाळले, पुणे आणि नगर जिल्ह्यात गावोगाव तसंच झालं, आणि त्यातनं १८७९ चा शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. त्याच्या आधीची गोष्ट तर फारच ओळखीची वाटते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकार हवं तेवढं कर्ज द्यायला लागले, आणि युद्ध संपून भाव पडल्यावर तेच हात आखडले. पण त्या शेतकऱ्यांना एकमेकांचं कर्ज माहीत होतं. कुणाचा रोखा कुठल्या पेटीत आहे हे गावाला ठाऊक होतं म्हणून तर ते एकत्र जाऊ शकले. चाकणला एका खोलीत चार पोरं राहतात, चौघांच्याही फोनवर तीच अ‍ॅप्स, आणि चौघंही एकमेकांकडं पाठ करून झोपतात.

पाटल्या दुसऱ्याच दिवशी सहकारी बँकेत गेल्या. कार्डं दोन्ही पूर्ण भरली, एक बंदच करून टाकलं, बंद झाल्याचं पत्र मागून घेतलं, दुसरं ठेवलं पण त्याची लिमिट कमी करून आणि बिलाची तारीख पगारानंतरची करून घेतली, तारीख बदलून मागायचा हक्क ग्राहकाला आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. अ‍ॅपच्या कर्जाचा हप्ता २ तारखेला कापायचा आणि पगार ७ ला, त्यामुळं दर महिन्याला बाऊन्स, वर दंड, तो हप्ता पण पुढं ढकलून घेतला. मित्राचे १५ हजार दिवाळीच्या बोनसमधनं सगळ्यात आधी दिले. व्याज त्याला नव्हतं, हिशोबानं ते शेवटी द्यायला हवे होते, पण मी हट्ट धरला, कारण त्याला खोलीत ताठ मानेनं जेवता आलं पाहिजे होतं.

पुढचं वर्ष सोपं नव्हतं आणि त्यात सांगण्यासारखं फार काही घडलंही नाही. रविवारी ओटी, म्हणजे ओव्हरटाईम. मेसचा डबा, त्यात आठवड्यातनं तीनदा तीच पातळ मटकी. एका जवळच्या मित्राच्या हळदीला गेला नाही कारण जायचं म्हणजे कपडे, आहेर, गाडी. मित्र दुखावला तो अजून नीट बोलत नाही, आणि हे नुकसान कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. चौकात पोरं हॉटेलात शिरली की हा "मी जेवलोय" म्हणून पुढं जायचा, आणि एक दिवस त्याला ते खोटं बोलायचा कंटाळा आला, त्यानं सरळ सांगून टाकलं की माझ्यावर एवढं कर्ज आहे, ह्या वर्षी मी बिल देणार नाही, तुम्ही पाजलात तर चहा पिईन. मला वाटलं होतं पोरं टिंगल करतील. त्यातल्या एकानं रात्री त्याला गच्चीवर बोलवून स्वतःचा आकडा सांगितला. त्याच्याहून मोठा होता.

दर महिन्याला ७ तारखेला तो मला फोन करायचा आणि राहिलेला आकडा मोठ्यानं वाचायचा, मी पॅडवर लिहायचे. काही महिन्यांत आवाज चिरकायचा. मध्ये गुडघा मुरगळून ओटी बंद झाली तो महिना फार वाईट गेला, तेव्हा परत त्या कर्जाच्या अ‍ॅपवाल्यांचा मेसेज आला होता, ५० हजार, दोन मिनिटांत खात्यात. त्यानं मला तो मेसेज पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. मी पण काही लिहिलं नाही, फोन लावला आणि आम्ही तासभर मावशीच्या म्हशीबद्दल बोललो.

गेल्या पावसाळ्यात अ‍ॅपचं कर्ज संपलं, यंदा संक्रांतीनंतर पाटल्या सुटल्या. आम्ही दोघंच गेलो होतो त्या आणायला, बँकेतल्या बाईंनी वजन करून हातात दिल्या, यानं पावती तीनदा वाचली. मावशीनं त्या महिना-दीड महिना घातल्या असतील. मग विहिरीची मोटर जळली, उन्हाळा तोंडावर, ऊस वाळायला लागला, तिनं त्याच पाटल्या परत त्याच बँकेत नेऊन ठेवल्या आणि संध्याकाळी त्याला फोन करून सांगितलं. मला ऐकून कसंसंच झालं, वर्षभर राबून सोडवलेल्या. पण त्याला तसं काही वाटलं नाही. त्यानं आधी दर विचारला, मग मुदत विचारली, मग म्हणाला अर्धा हप्ता मी देतो, आणि मला पावतीचा फोटो पाठवून विचारलं की ताई, गेल्या वेळेपेक्षा पाव टक्का जास्त लावलाय, बँकेत जाऊन विचारू का?